नवरी माणसं मोजते

डोर्नकुइल, कारू
३ ऑक्टोबर १९७७

सोफिया,

तू मला ओळखत नाहीस. चर्च स्ट्रीटच्या टोकाला, देवदारी खिडक्यांच्या घरात मार्चपासून आम्ही भाड्याने राहतो. माझे यजमान खेर्ट लोकरीच्या गोदामात प्रतवारीचं काम करतात. तुझा पत्ता मला लेनाने दिला. ती सोमवारी आमच्याकडे कपडे धुवायला येते.

काम गुलाबाचं आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जे म्हातारं झाड आहे, ते तू लावलेलंस असं लेना म्हणते. झाड तर डोक्याएवढं उंच आहे, पानं तांबूस आणि सुरेख, कळ्या बोटाएवढाल्या. पण एक कळी उमलेल तर शपथ. फुगते, बाहेरून तपकिरी पडते आणि तशीच मिटल्या मिटल्या सडते. हातात घेतली की ओल्या कागदासारखी मऊ लागते. मी शेण घातलं, साबणाचं पाणी मारलं, रोज संध्याकाळी झारीने वरून न्हाऊ घातलं. काही उपयोग नाही.

खेर्ट म्हणतो, "उपटून टाक. तिथे पाण्याची टाकी छान बसेल." तो तसं करणाऱ्यांतला आहे. माझ्या आईच्या बागेत गुलाब होते म्हणून मला ते वाचवायचं आहे. लेनाला विचारलं तर ती त्या बाजूला जातसुद्धा नाही. दोरीवर कपडे घालायचे तर घराला वळसा घालून जाते. "ते सोफियाचं आहे, तिला विचारा," एवढंच म्हणते.

तर काय करावं ते कळव. सोबत तिकीट लावलेला लिफाफा आहे.

एल्साबेट फेन्टर


पोर्ट एलिझाबेथ
१७ ऑक्टोबर १९७७

श्रीमती फेन्टर यांस,

आपलं पत्र मिळालं. लिफाफ्याची गरज नव्हती, तिकिटं इथेही मिळतात.

हे चहा-गुलाबाचं झाड आहे. फूल उमललं की चहाच्या नव्या डब्याचं झाकण काढल्यासारखा वास येतो, त्यावरून हे नाव. त्याचं फूल मान वर करत नाही, म्हणून आमच्या घरात तिला 'नवरी' म्हणत. मी अजून तसंच म्हणते, आपण वाटेल ते म्हणा.

वरून पाणी घालू नका. तिच्या पाकळ्या पातळ आणि पुष्कळ असतात. आत पाणी शिरलं की त्या एकमेकींना चिकटतात आणि कळी गुदमरते. पाणी बुंध्याशी, सकाळी. दव पडलं असेल तर उजाडल्यावर एकेक फांदी हलकेच झटका. तपकिरी पडलेल्या कळीची बाहेरची पाकळी नखाने सोडवली तर आतली पुष्कळदा वाचते. घाई करू नका. लाल चहाचा चोथा बुंध्याशी टाकत जा.

कात्री लावू नका. दुसरे गुलाब छाटल्यावर जोर धरतात. हिला छाटलं तर ती रुसते, आणि तिचा रुसवा वर्षभर टिकतो.

टाकीसाठी घराच्या मागची बाजू बरी. माझे यजमान अ‍ॅबेल यांनी तिथे दगडी चौथरा याच कामासाठी बांधला होता. तो अजून असेल.

एक विनंती. जून ते ऑगस्ट, ऐन थंडीत, तिला फूल येत नाही. आपल्याकडे जमीन गोठते तेव्हा कुठलाच गुलाब फुलत नाही. तरी थंडीत कळी धरलीच, तर मला तारखेसह कळवावं.

श्रीमती सोफिया अपॉलिस
(एकोणीस वर्षं मिशन शाळेत शिक्षिका)


डोर्नकुइल
११ डिसेंबर १९७७

श्रीमती अपॉलिस यांना,

मागच्या पत्रात मी तुम्हांला एकेरीत लिहिलं. तुमचं उत्तर वाचताना कान गरम झाले. माफ करा. सवयीने होतं, आणि सवय वाईट आहे.

नवरी फुलली. तुम्ही म्हणालात तशी नखाने पाकळी सोडवली आणि तिसऱ्या दिवशी पहिलं फूल उघडलं. दुधावरच्या सायीचा रंग, आत खोलवर गुलाबी. आता वीस-बावीस आहेत. पाकळ्या वहीत दाबून पाठवते आहे, वास टिकला असेल तर बरं.

चौथरा आहे. टाकी तिथे बसवली. खेर्टने चौथऱ्यावर दोन्ही पायांनी उड्या मारून बघितल्या आणि म्हणाला, "ज्याने बांधला त्याला काम कळत होतं."

आता एक गोष्ट सांगते, हसू नका. या फुलांची तोंडं सूर्याकडे नसतात. झाड पूर्वेला आहे, ऊन अंगणाच्या बाजूने येतं, पण फुलं सगळी घराकडे वळलेली. मी भांडी घासते तेव्हा काचेपलीकडून वीस माना माझ्याकडे झुकलेल्या. मान खाली, पण बघताहेत असं वाटतं. मी दोन फांद्या सुतळीने अंगणाकडे ओढून बांधल्या. दुसऱ्या दिवशी सुतळी जागेवर होती, गाठ तशीच, आणि फुलं परत खिडकीकडे. खेर्टला दाखवलं. तो काचेवर टकटक करून त्यांना म्हणाला, "या, जेवायला बसा."

माझं लग्न होऊन बावीस वर्षं झाली. मूल नाही. घरात आम्ही दोघंच. कुणीतरी आपल्याकडे लक्ष देऊन बघतंय ही गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो, एवढंच.

थंडीतल्या कळीचं तुम्ही का विचारलंत?

एल्साबेट फेन्टर


पोर्ट एलिझाबेथ
८ जानेवारी १९७८

श्रीमती फेन्टर यांना,

वास टिकला होता. पाकीट टपालवाल्याच्या पिशवीत असतानाच मला कळलं. मग आत जाऊन बसले थोडा वेळ.

नवरीची फांदी माझ्या सासूने आणली होती, मिशनमधल्या पाद्रीबाईंकडून. अ‍ॅबेलने खड्डा खणला. १९४६ साल, आमचं लग्न त्याच महिन्यातलं. खिडकीची चौकट अ‍ॅबेलने स्वतः केलेली. ती वर उचलताना डावीकडे किंचित दाबावी लागते, नाहीतर अडते. तुम्हांला एव्हाना कळलंच असेल.

१९६८ मध्ये सरकारी हुकुमाने आमचा रस्ता तुमच्या लोकांचा, गोऱ्यांचा ठरला. चार महिन्यांची मुदत होती. भांडी, कपाटं, कोंबड्या, सगळं आलं. नवरी आली नाही. बावीस वर्षांचं झाड उपटलं तर मरतं. अ‍ॅबेल शेवटच्या दिवशी तिला पाणी घालत होता. ट्रकवाला म्हणाला, "अरे बाबा, आता कशाला?" अ‍ॅबेलने झारी रिकामी होईपर्यंत घातलं. तीन वर्षांनी तो इथे वारला.

मला एक मुलगा आहे, एडमंड. सव्वीस वर्षांचा. तो ऑगस्टपासून उत्तरेकडे, सरहद्दीपलीकडे गेलाय, कामासाठी. पत्र नाही. पत्रं कोण कोण उघडतं माहीत नाही, म्हणून त्याच्याबद्दल एवढंच लिहिते.

सुतळी सोडा. तिला ओढून ठेवू नका.

सोफिया अपॉलिस


डोर्नकुइल
१४ मे १९७८

प्रिय सोफियाबाई,

वाईट बातमी आहे आणि ती माझ्या घरातली आहे. मी एप्रिलमध्ये किंबर्लीला बहिणीकडे गेले होते. आले तर नवरीचे गुडघ्याएवढे खुंट उरले होते. खेर्ट म्हणाला, "स्वयंपाकघरात अंधार यायचा." नंतर खाली बघून खरं सांगितलं. तो एकटा जेवायला बसायचा तेव्हा त्या माना त्याला बघवेनात. "एल्सा, मी तीन दिवस पाठ करून जेवलो. मग करवत आणली."

मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. तो रोज बुंध्याशी चहाचा चोथा टाकतोय, न सांगता.

तुम्ही म्हणालात ती वर्षभर रुसेल. रुसली नाही. दहा दिवसांत खुंटांमधून लालभडक कोंब आले. मेमध्ये, सोफियाबाई. शेजारच्या बागेत सगळं झोपी गेलंय. पहाटे हौदावर बर्फाचा पापुद्रा धरतो आणि हिचे कोंब रोज बोटभर वाढतात. सगळे खिडकीच्या दिशेने.

सोमवारी लेनाने ते पाहिलं आणि हातातली बादली खाली ठेवली. मी तिला खुर्चीत बसवून कॉफी दिली आणि म्हटलं, आज सांगितल्याशिवाय जायचं नाही. ती म्हणाली, "ती माणसं मोजते, मॅडम." म्हणजे काय? "घरातली माणसं. एक कमी होणार असलं की थंडीत फुलते. अ‍ॅबेल गेला त्या जुलैमध्ये मी गल्लीतून जात होते. सगळं पांढरं झालेलं, आणि हिच्यावर एक फूल. तेव्हाच्या भाडेकरूंना पत्ताही नव्हता. मी सोफियाला कधी सांगितलं नाही."

मी लेनाला म्हटलं, हे चर्चमध्ये बोलू नकोस. पण तुम्हांला विचारते आहे. तुम्ही पहिल्याच पत्रात तारीख मागितली होती.

एल्साबेट


पोर्ट एलिझाबेथ
२९ मे १९७८

प्रिय एल्साबेट,

लेनाने सात वर्षं पोटात ठेवलं. मी तिच्यावर रागावलेली नाही.

ऐका तर. १९५१ च्या जूनमध्ये नवरीवर एक फूल आलं. आम्हांला कौतुक वाटलं. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. सहा दिवस ते तसंच्या तसं राहिलं, एक पाकळी सैल झाली नाही. सहाव्या दिवशी दुपारी सगळ्या पाकळ्या एकदम खाली आल्या. आतून सासूबाईंनी पाणी मागितलं, मी पेला नेला, तोवर त्या गेल्या होत्या.

१९५८ ला आमची रूथ दोन वर्षांची होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फूल आलं. तेव्हा मला कळत होतं. नऊ दिवस होते माझ्यापाशी. ते नऊ दिवस मी कशात घालवले? अ‍ॅबेलला झोप म्हणायचे, त्याला छत चढू देत नव्हते. मला वाटलं तो आहे. सासऱ्यांना डॉक्टरकडे पिटाळलं. रूथला ताप आला तो आठव्या दिवशी. मी पोरीकडे बघितलंसुद्धा नव्हतं धड.

अ‍ॅबेल कुऱ्हाड घेऊन निघाला तेव्हा मीच त्याला अडवलं. म्हटलं, ती करत नाही रे, ती सांगते. हे मी तेव्हा म्हणाले. खरं आहे की नाही, कोण जाणे.

अ‍ॅबेल गेला तेव्हा आम्ही इथे होतो. तो सकाळी दाढी करत होता. मला कुणी काही सांगितलं नाही. त्या आठवड्यात मी त्याच्याशी पडद्यांच्या कापडावरून भांडले होते. तेच शेवटचं बोलणं. आता लेनाच्या तोंडून कळतंय की नवरीला आम्ही इतक्या दूर असतानाही माहीत होतं.

म्हणजे एडमंड कुठेही असला तरी तिच्या मोजणीत आहे. सरकार मला सांगणार नाही. त्याचे मित्र सांगणार नाहीत. फक्त ती सांगेल, आणि ती तुमच्या खिडकीपाशी आहे. थंडी सुरू झाली. कळी आली तर लिहा. माझी दया येऊन लपवू नका. मी रूथच्या वेळी चुकीच्या माणसाकडे बघत बसले. या खेपेला निदान त्याच्यासाठी प्रार्थना तरी वेळेवर करीन.

तुमची,
सोफिया


डोर्नकुइल
१६ जुलै १९७८

प्रिय सोफियाबाई,

उत्तराला उशीर झाला. खेर्टला सर्दी होती, मग मला झाली. कारूची थंडी तुम्हांला माहीतच आहे. यंदा झाडं जाळणारं काळं दव पडलं आणि नवरीचे कोंब सगळे करपले. आता नुसत्या काड्या आहेत. मी रोज बघते, अगदी जवळ जाऊन. काही नाही. तुम्ही निर्धास्त असा.

लेनाला सध्या मी यायला नको म्हटलंय, एवढ्या थंडीत बिचारीने का यावं.

एल्साबेट


पोर्ट एलिझाबेथ
२५ जुलै १९७८

प्रिय एल्साबेट,

एडमंडचं पत्र आलं. कुणाच्या तरी पेटीच्या अस्तरातून, हातोहात. १० जुलैची तारीख आहे. तो बरा आहे, दाढी ठेवली आहे, तिथली मक्याची लापशी आपल्यासारखी घट्ट नसते म्हणतो. चार ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की घडीवर कागद फाटला.

तुमचं 'काही नाही' आणि त्याचं पत्र, एकाच आठवड्यात. काल मी कित्येक महिन्यांनी केक केला. शेजारणीने विचारलं, कुणाचा वाढदिवस? मी म्हटलं, एका झाडाचा. तिला वाटलं मी भ्रमले.

तुमचे उपकार कसे फेडू?

सोफिया


डोर्नकुइल
३१ जुलै १९७८

सोफियाबाई,

मी खोटं लिहिलं होतं.

३ जुलैला सकाळी खिडकी उघडली तर फूल समोर होतं. एकच. भोवती सगळं बर्फाने पांढरं, आणि ते पूर्ण उमललेलं. कळी मला दिसलीच नव्हती. लेना यायच्या आत मी ते कापून आत आणलं. मनात होतं की कापलं तर कदाचित थांबेल. तुम्हांला लिहायला चार वेळा बसले. 'तुमचा मुलगा' इथपर्यंत लिहायची आणि कागद चुलीत घालायची. मला वाटलं, बातमी येईल तेव्हा येईल, निदान तोपर्यंत त्या माउलीला झोप तरी लागू दे.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी आनंदाने खेर्टला हाक मारली. तो बाहेरच्या ओट्यावर तंबाखूचा पाइप साफ करत होता. पूर्ण पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरं झालं. म्हातारीला पोरगा मिळाला." आणि परत पाइपकडे वळला. मी त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं, मग हे कुणाचं?

फूल ग्लासात आहे. आज अठ्ठावीस दिवस झाले. मी पाणी बदलणं सोडून दिलं, तरी तसंच. वास सगळ्या घरात भरलाय, लोण्यालासुद्धा लागतो.

ती आम्हांलाही मोजते का? आम्ही तुमच्या घरात राहतो, पण तिचे कोण लागतो?

एल्साबेट


पोर्ट एलिझाबेथ
७ ऑगस्ट १९७८

एल्साबेट,

मी तुमच्यावर रागावले आहे, ते आधी लिहिते. माझ्या मुलाची बातमी चांगली असो की वाईट, ती माझी होती. तुम्ही ती कापून आपल्या स्वयंपाकघरात ठेवलीत. त्या घरातलं माझं पुष्कळ काही तुमच्याकडे आहे, तेवढं तरी सोडायचं होतं.

आता दुसरं. पाकळ्या पडेपर्यंत माणूस असतं. एडमंडचं पत्र दहा तारखेचं आहे. त्यानंतर काय झालं मला माहीत नाही. म्हणजे ते फूल अजूनही त्याचं असू शकतं. तुमच्या यजमानांचं असू शकतं. तुमचं, माझंही. तुम्ही तिला पाणी घातलंत, कळ्या सोडवल्यात, खेर्टने चोथा घातला. तिचं कोण लागायला आणखी काय लागतं? आम्हीही तेवढंच केलं होतं.

काल चर्चमध्ये गुडघे टेकले आणि मागायला लागले, तर अर्ध्यात थांबले. माझा वाचव म्हणजे तिचा घे, असं होत होतं. मी उठून बाहेर आले. मग परत आत गेले आणि मागितलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू.

खेर्टना डॉक्टरांना दाखवा. पण दिवस डॉक्टरांत घालवू नका. मी माझे नऊ घालवले.

सोफिया


डोर्नकुइल
३ सप्टेंबर १९७८

सोफियाबाई,

खेर्ट १९ ऑगस्टला गेला. तुम्हांला तार करणार होते, पण तारेत काय लिहिणार?

डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी छाती ठोकून, कान लावून बघितलं आणि म्हणाले, "बैल आहे नुसता." खेर्ट परतताना गाडीत मला चिडवत होता, "बैलाची बायको." तुमचं पत्र त्याच दिवशी आलं. ते त्याला वाचून दाखवलं नाही. पण गोदामातून आठवडाभर रजा घ्यायला लावली. तो म्हणाला, "ऐन हंगामात?" मी म्हटलं, बावीस वर्षांत मी काय मागितलं तुझ्याकडे? त्याने घेतली.

आम्ही फारसं काही केलं नाही. मिठागरावर गेलो, लग्नाआधी जायचो तिथे. तो मला त्याच्या भावाबद्दल बोलला, जो लहानपणी धरणात बुडाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एकदा जेवताना चमचा खाली ठेवून म्हणाला, "एल्सा, तू माझ्याकडे असं बघतेस, जसा काही मी स्टेशनवर गाडीची वाट बघत उभा आहे." मी रडले. त्याने कारण विचारलं नाही. त्याला ग्लासातलं फूल दिसत होतं. तो मूर्ख नव्हता.

शनिवारी सकाळी तो ओट्यावर बूट घालायला बसला. मी आत मेजावर ब्रेड कापत होते. फार हलका आवाज झाला, कुणी टाळी वाजवता वाजवता थांबावं तसा. मेणकापडावर सगळ्या पाकळ्या पडलेल्या. ग्लासात नुसता देठ.

मी लगेच बाहेर गेले नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. खुर्ची ओढून बसले. दार उघडंच होतं, ओटा दहा पावलांवर. मला वाटलं, जोवर मी जाऊन बघत नाही तोवर तो बूट घालतोय. पाकळ्या एकेक करून गोळा केल्या, सुरी पुसली, ब्रेड फडक्यात गुंडाळला. मग करायला काही उरलं नाही. गेले. एक बूट पायात होता.

तुम्ही मागितलंत तसं मीही मागितलं होतं, सोफियाबाई. तुमचा घे म्हणून. नाव घेऊन. आता ते तोंडातून जात नाही.

घरमालकाने घर विकायला काढलंय. मी किंबर्लीला बहिणीकडे चालले. घेणारा म्हणतो, खिडकीखालची झुडपं काढून मोटारीची जागा करणार. खेर्टने छाटलेल्या फांद्यांतल्या चार मी एप्रिलमध्येच डब्यात वाळूत खोचल्या होत्या. एक लागली. ती ओल्या गोणपाटात बांधून लेनाच्या भाच्याबरोबर पाठवते आहे. तुमची आहे. नको असेल तर फेकून द्या, मी काही म्हणणार नाही.

एल्साबेट


पोर्ट एलिझाबेथ
२० सप्टेंबर १९७८

एल्साबेट,

तुमचं पत्र उघडलं, पहिली ओळ वाचली, आणि माझ्या तोंडून 'देवा, तुझे आभार' निघालं. पुढची ओळ वाचायच्या आधी. मग मी जमिनीवर बसले. तुम्ही जे मागितलंत त्याबद्दल मला काही म्हणायचा अधिकार नाही. दोघी फिटलो, असंही म्हणत नाही. अशा गोष्टी फिटत नाहीत.

जेवढे दिवस तुमच्याजवळ होते तेवढ्यात तुम्ही योग्य माणसाकडे बघितलंत. मला ते जमलं नव्हतं.

काडी पोचली. तिला तीन पानं आहेत. दोन दिवस गोणपाटातच ठेवली. शेजारीण म्हणाली, लावा नाहीतर मरेल. मी विचार करत होते की मरू द्यावी का. माणसाला हे कळावं की कळू नये? अ‍ॅबेलची दाढी अर्धी झाली होती, एल्साबेट. एक गाल साबणाचा. मला एक दिवस आधी कळलं असतं तर मी त्या पडद्यांना आग लावली असती.

लावली. मोरीच्या भिंतीशी, ऊन येतं तिथे.

सोफिया


पोर्ट एलिझाबेथ
१५ जुलै १९७९

प्रिय एल्साबेट,

किंबर्लीत थंडी कशी आहे? बहिणीशी पटतंय का? मागच्या पत्रात तुम्ही तिच्या मांजरांबद्दलच लिहिलंत, स्वतःबद्दल काही नाही.

एडमंडच्या दोन चिठ्ठ्या आल्या. त्याने तिथे लग्न केलं. मुलीचं नाव मला उच्चारता येत नाही, पण सराव करते आहे.

नवरी कमरेएवढी झाली. एक गोष्ट लावताना माझ्या ध्यानात आली नव्हती. इथे समुद्र आहे, जमीन गोठत नाही, गुलाब बारा महिने फुलतात. जून लागला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. इथे ती सगळ्यांसारखी थंडीतही फुलली, तर मी काय समजायचं? रोजच्या फुलाला रोज घाबरायचं का?

पण तिने एप्रिलअखेर शेवटचं फूल टाकलं आणि थांबली. आज गल्लीतल्या प्रत्येक कुंपणावर गुलाब आहेत, लाल, पिवळे, वाटेल तेवढे. आमच्याकडे नुसत्या काड्या. शेजारीण काल कुंपणावरून म्हणाली, "अहो मिसेस अपॉलिस, तुमचं झाड गेलं. काढा ते, मी दुसरं देते." मी म्हटलं, राहू दे, बरं आहे ते.

उजाडलं की मी शाल घेऊन तिच्यापाशी जाते आणि एकेक फांदी बघते. खालून वर. आधी एडमंडसाठी, मग त्याच्या बायकोसाठी, आता तीही आली मोजणीत. मग तुमच्यासाठी. माझ्यासाठी बघायला मी अजून शिकले नाही.

आज काही नाही. आत येऊन चहा ठेवला आहे.

तुमची,
सोफिया